तीव्र रक्तस्राव, शिरेतून दिले जाणारे द्रव आणि प्राण्यांवरील प्रयोग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अपघातात खूप रक्त गेलेल्या माणसाला शिरेतून द्रव देण्यात वाद घालण्यासारखे काय आहे?

रक्त वाहून गेले की हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, हृदय प्रत्येक ठोक्याला कमी रक्त बाहेर टाकते, रक्तदाब उतरतो आणि मेंदू, मूत्रपिंडे, आतडी यांना प्राणवायू अपुरा पडू लागतो. ही अवस्था म्हणजे रक्तस्रावजन्य शॉक. गेलेल्या रक्ताची जागा सलाइन किंवा रिंगर लॅक्टेटसारख्या क्षारयुक्त द्रवाने भरली, तर रक्तदाब काही मिनिटांत वर येतो, आणि याबद्दल कोणाचेच दुमत नाही. वाद पुढच्या पायरीवर सुरू होतो. रक्तवाहिनी अजून फाटलेलीच असेल, तर वाढलेला दाब तिथे नुकतीच धरू लागलेली गुठळी ढकलून देऊ शकतो. भरपूर द्रवामुळे रक्त पातळ होऊन गोठण्याचे घटक विरळ होतात, आणि द्रव गार असेल तर शरीराचे तापमान उतरून गोठण्याची क्रिया आणखी मंदावते. त्यामुळे किती द्रव द्यायचा, कधी द्यायचा, कोणता द्यायचा आणि रक्तदाब कुठवर न्यायचा, हे चार प्रश्न उभे राहतात. प्राण्यांवरील बहुतेक प्रयोग या चारांपैकी एखाद्या प्रश्नासाठीच झाले आहेत.

ही शंका नवी नाही. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना पाहणारे शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१८ मध्येच लिहिले होते की शल्यचिकित्सक रक्तस्राव थांबवायला सज्ज होण्याआधी रक्तदाब वाढवला, तर अत्यंत गरजेचे रक्त वाहून जाण्याचा धोका असतो. तरीही पुढची कित्येक दशके उपचार नेमके उलट्या दिशेने गेले. ते का गेले, याचे उत्तर बऱ्याच अंशी प्रयोगशाळेत सापडते.

हे प्रश्न थेट माणसांवरच का तपासले नाहीत?

काही प्रमाणात तपासले गेले आहेत, पण ते फार अवघड आहे. गंभीर जखमी माणूस संमती देण्याच्या स्थितीत नसतो, नातेवाईक पोहोचलेले नसतात, आणि निर्णय काही मिनिटांत घ्यावा लागतो. शिवाय एकाची प्लीहा फुटलेली, दुसऱ्याच्या मांडीची धमनी तुटलेली, तिसऱ्याच्या डोक्यालाही मार लागलेला, अशी सरमिसळ असल्याने उपचाराचा परिणाम वेगळा काढणे कठीण जाते. प्राण्यांत मात्र जखम कुठे, केवढी आणि कोणत्या क्षणी हे संशोधक ठरवू शकतो, आणि एकच गोष्ट बदलून बाकी सर्व सारखे ठेवू शकतो. हीच प्रयोगाची ताकद आहे. त्याची मर्यादाही यातूनच येते, कारण संशोधकाने जी जखम निवडली, तेवढ्याच जखमेबद्दल उत्तर मिळते.

सुरुवातीच्या प्रयोगांनी काय शिकवले?

१९३० च्या सुमारास शॉकचे कारण जखमी स्नायूंतून रक्तात मिसळणारे एखादे विष असावे, असा समज प्रचलित होता. नॅशव्हिल येथील व्हँडरबिल्ट विद्यापीठात आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी कुत्र्यांच्या पायाला इजा करून दोन्ही पायांच्या वजनांतला फरक मोजला आणि जखमी भागात साचलेले रक्त व द्रव एवढेच रक्तदाब कोसळायला पुरेसे असल्याचे दाखवले. पुढे या कामात त्यांच्याबरोबर व्हिव्हियन थॉमस होते, ज्यांच्या हातच्या कौशल्याचे श्रेय त्यांना फार उशिरा मिळाले. शॉकमध्ये मूळ तोटा रक्ताच्या आकारमानाचा असतो, हा आजच्या उपचारांचा पाया त्या प्रयोगांतून आला.

१९४० च्या दशकात क्लीव्हलंड येथे कार्ल विगर्स यांनी एक प्रमाणित पद्धत बसवली. भूल दिलेल्या कुत्र्याच्या धमनीतून रक्त एका पात्रात काढायचे, रक्तदाब ठरावीक खालच्या पातळीवर ठरावीक काळ धरून ठेवायचा आणि मग तेच रक्त परत द्यायचे. काढलेले रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन वापरावे लागे. या प्रयोगांत असे दिसले की शॉक पुरेसा लांबला, तर सगळे रक्त परत देऊनही प्राणी मरतो. उशीर जिवावर बेततो, हा धडा त्यातून मिळाला आणि तो खरा होता.

१९६० च्या दशकात डॅलस येथील टॉम शायर्स यांनी याच धर्तीच्या प्रयोगांत काढलेल्या रक्ताबरोबर रिंगर लॅक्टेटही दिले आणि नुसते रक्त परत दिलेल्या कुत्र्यांपेक्षा अधिक कुत्री जगली. शॉकमध्ये पेशींबाहेरील द्रवही कमी होतो आणि तोही भरून काढायला हवा, असा त्यांचा युक्तिवाद होता. गेलेल्या रक्ताच्या तिप्पट क्षारद्रव द्यावा, हा पुढे पाठ झालेला नियम याच काळातला. अमेरिकेत १९७८ मध्ये सुरू झालेल्या अपघातोपचाराच्या अभ्यासक्रमातून प्रौढ जखमीला सुरुवातीलाच दोन लिटर द्रव देण्याची पद्धत जगभर पोहोचली. हे प्रमाण एक लिटरवर आणायला २०१२ साल उजाडले.

विगर्स यांच्या पद्धतीत चूक काय होती?

पद्धतीत चूक नव्हती. तिच्या निष्कर्षाचा अर्थ नको तितका ताणला गेला. तिथे रक्त नळीतून बाहेर काढले जाते आणि नळी बंद केली की रक्तस्राव संपतो. याला नियंत्रित रक्तस्राव म्हणतात. अशा प्राण्याला द्रव दिला तर तो बाहेर पडायला वाट नसते, म्हणून द्रवाचा फायदाच दिसणार. रस्त्यावर किंवा रणांगणावर जखमी झालेल्या माणसाची रक्तवाहिनी मात्र उघडी असते. ज्या प्राण्याच्या रक्तात हेपॅरिन मिसळले आहे, त्याच्यात तर गुठळी टिकते की सुटते हा प्रश्न विचारताच येत नाही. थोडक्यात, रक्तस्राव थांबल्यानंतर काय करावे याचे उत्तम उत्तर या प्रयोगांनी दिले, आणि ते उत्तर रक्तस्राव चालू असलेल्या माणसांना लावले गेले.

मग उघड्या जखमेचे प्रयोग केव्हा झाले आणि त्यांत काय दिसले?

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९९० च्या दशकात अनियंत्रित रक्तस्रावाच्या पद्धती रूढ झाल्या. उंदराची शेपटी कापणे, डुकराच्या यकृताला चीर देणे, महाधमनीला भोक पाडणे, असे त्यांचे स्वरूप होते. त्यांतला विल्यम बिकेल व सहकाऱ्यांचा १९९१ चा प्रयोग जवळून पाहण्यासारखा आहे, कारण त्याने विचारांची दिशा बदलली.

भूल दिलेल्या १६ तरुण डुकरांच्या महाधमनीत, मूत्रपिंडांच्या धमन्यांच्या खाली, स्टीलची बारीक तार ओवून ठेवली होती. प्राण्याची प्रकृती स्थिरावल्यावर तार ओढली की धमनीला ५ मिलिमीटर लांबीची फाट पडे आणि पोटात रक्तस्राव सुरू होई. निम्म्या डुकरांना कोणताही द्रव दिला नाही. उरलेल्या आठांना फाट पडल्यानंतर सहा मिनिटांनी रिंगर लॅक्टेट सुरू करून अवघ्या नऊ मिनिटांत वजनाच्या किलोमागे ८० मिलिलिटर इतका द्रव दिला. द्रव मिळालेली आठही डुकरे मेली. द्रव न मिळालेल्या आठांपैकी एकही मेले नाही. पोटात सांडलेले रक्त एका गटात सरासरी २,१०० मिलिलिटरहून अधिक होते, तर दुसऱ्यात ८०० मिलिलिटरपेक्षा कमी. उपचार न केलेल्या प्राण्यांत रक्तदाब उतरताच फाटीवर गुठळी बसली आणि तिने रक्तस्राव रोखून धरला. उपचार केलेल्यांत ती टिकली नाही.

मात्र किलोमागे ८० मिलिलिटर हा आकडा नजरेआड करू नये. डुकराच्या अंगातले एकूण रक्त किलोमागे साधारण ६५ ते ७० मिलिलिटर असते. म्हणजे नऊ मिनिटांत त्याच्या अंगातल्या सगळ्या रक्ताहूनही अधिक क्षारद्रव त्याला मिळाला. तिपटीचा नियम काटेकोरपणे पाळला तर काय होते, याचे हे उत्तर आहे. थोडासा द्रवसुद्धा घातक असतो, असे हा प्रयोग म्हणत नाही, आणि तो तसा सांगितला जातो तेव्हा त्याच्यावर अन्याय होतो.

म्हणजे द्रव अजिबात न देणे चांगले, असा निष्कर्ष निघतो का?

नाही. १९९३ मध्ये सुसान स्टर्न व सहकाऱ्यांनी डुकरांना जवळपास प्राणघातक रक्तस्राव घडवून, मध्यम रक्तदाब (वरच्या आणि खालच्या दाबांमधली सरासरी पातळी) ४०, ६० किंवा ८० मिलिमीटर पारा इथवर येईल एवढाच द्रव देऊन तीन गटांची तुलना केली. पहिल्या दोन गटांत दर नऊ प्राण्यांमागे एक मेला, तर ८० पर्यंत दाब नेलेल्या गटात निम्म्याहून अधिक मेले. सगळ्यांना द्रव मिळाला होता. फरक फक्त कुठे थांबायचे याचा होता.

थांबायचे कुठे, याचा अंदाज अमेरिकी लष्करी संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या डुकरांवरील प्रयोगांतून मिळतो. महाधमनीच्या फाटीवर गुठळी बसल्यानंतर द्रव देत गेल्यास कोणत्या दाबाला रक्तस्राव पुन्हा सुरू होतो, ते त्यांनी मोजले. फाट लहान असो वा मोठी, द्रव लवकर दिला असो वा उशिरा, वरचा रक्तदाब सरासरी ९४ आणि मध्यम रक्तदाब ६४ मिलिमीटर पारा झाला की गुठळी सुटे. आज युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांत, डोक्याला इजा नसलेल्या जखमीत रक्तस्राव थांबेपर्यंत वरचा दाब ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्यापर्यंतच ठेवावा असे सांगितलेले आढळते. हे प्रयोग आणि ती शिफारस एकमेकांशी जुळतात. डुकराच्या अंगातला आकडा माणसाला जसाच्या तसा लावता येतो असे कोणीही गृहीत धरू नये, पण आकड्याची दिशा विश्वासार्ह आहे.

एका प्रयोगात द्रवाने प्राणी वाचले, दुसऱ्यात मेले. कोणावर विश्वास ठेवायचा?

मला वाटते, संपूर्ण विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि तो फार उशिरा विचारला गेला. प्रयोग एकेक करून प्रसिद्ध होत राहिले. प्रत्येक गटाने आपल्याला अनुकूल असलेले मागचे दोन-चार प्रयोग उद्धृत केले, आणि सगळे एकत्र मांडून पाहण्याचे काम कोणी केले नाही. लंडनच्या इयन रॉबर्ट्स व सहकाऱ्यांनी ते हाती घेतले आणि २००२ व २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अनियंत्रित रक्तस्रावात द्रव देणे आणि न देणे यांची तुलना करणारे ४४ यादृच्छिक प्रयोग, म्हणजे कोणता प्राणी कोणत्या गटात हे दैवावर सोडलेले प्रयोग, त्यांना सापडले.

एकत्र पाहिल्यावर विरोधाभास बराचसा सुटला. रक्तस्राव तीव्र होता तिथे, म्हणजे महाधमनीला किंवा मोठ्या अवयवाला इजा केली होती तिथे, एकूणात द्रव देण्याने मृत्यूचा धोका कमी झाला. रक्तस्राव सौम्य होता तिथे, म्हणजे शेपटीचा लहान तुकडा कापला होता तिथे, द्रव देण्याने धोका वाढला. याचे कारण उघड आहे. ज्या प्राण्याचे रक्त स्वतःहून थांबणारच आहे, त्याला द्रव देऊन फक्त नुकसान होते. ज्याचे हृदय रिकामे पडत चालले आहे, त्याला काहीच न देणे म्हणजे मृत्यूच. याखेरीज ज्या नऊ प्रयोगांत मर्यादित रक्तदाबाची तुलना नेहमीच्या रक्तदाबाशी केली होती, ते एकत्र घेतल्यावर मर्यादित दाबाच्या गटात मृत्यूचा धोका जवळजवळ ६३ टक्क्यांनी कमी दिसला.

हे उत्तर त्या प्रयोगांत आधीपासूनच होते. ते वेळीच एकत्र केले असते, तर नंतरच्या कित्येक प्रयोगांची गरजच पडली नसती आणि त्यांतल्या प्राण्यांचे जीव वाचले असते, हे माझे ठाम मत आहे.

त्या प्रयोगांचा दर्जा कसा होता?

निराशाजनक. २००२ च्या आढाव्यानुसार ४४ पैकी फक्त दोन प्रयोगांच्या अहवालांत प्राण्यांची गटांत विभागणी कशी केली हे लिहिले होते. मृत्यूचा धोका निम्म्यावर आला तरी तो खात्रीने दिसेल, इतके प्राणी एकाही प्रयोगात नव्हते.

या दोन्ही गोष्टी कागदोपत्री वाटतात, पण तशा नाहीत. समजा पिंजऱ्यातून हाताला लागेल तो प्राणी उचलून गटात टाकला. सहज पकडला जाणारा प्राणी बऱ्याचदा मलूल असतो, आणि चपळ प्राणी शेवटी उरतात. दोन गटांत उपचार सुरू होण्याआधीच फरक पडला. तसेच कोणाला कोणता द्रव दिला हे निरीक्षकाला माहीत असेल, तर प्राणी वाचवण्यासाठी आणखी किती खटपट करायची, प्रयोग कधी संपला म्हणायचे, हे निर्णय नकळत झुकतात.

संख्येचा हिशेबही पाहू. एका गटातले ४० टक्के प्राणी मरतात आणि चांगल्या उपचाराने हे प्रमाण २० टक्क्यांवर येते, असे धरले, तर हा फरक पुरेशा खात्रीने पकडायला दोन्ही गटांत मिळून दीडशेहून अधिक प्राणी लागतात. प्रत्यक्षात एकेका गटात सहा ते दहा प्राणी असत. बिकेल यांच्या प्रयोगासारखा आठास शून्य इतका टोकाचा फरक लहान संख्येतही दिसतो, पण असे फरक विरळा. मधल्या आकाराचे फरक योगायोगाने दिसतात किंवा योगायोगाने लपतात. त्यात भर म्हणजे ठळक निष्कर्षाचे प्रयोग छापून येतात आणि काही फरक न दिसलेले प्रयोग कपाटात राहतात.

कुत्रा, डुक्कर, उंदीर : प्राण्याच्या निवडीने फरक पडतो का?

बराच पडतो. कुत्र्याची प्लीहा तांबड्या पेशींचा मोठा साठा बाळगून असते आणि रक्तस्राव होताच आकुंचन पावून तो रक्तात सोडते. डुकरातही असेच घडते, म्हणून अनेक प्रयोगांत प्लीहा आधी काढून टाकतात. माणसात हा साठा नगण्य असतो. कुत्र्याच्या यकृतातून बाहेर पडणाऱ्या शिरांना स्नायूंचे वेढे असतात, ते आवळले गेले की आतड्यांत रक्त तुंबते. जुन्या प्रयोगांत शॉकने मेलेल्या कुत्र्यांच्या आतड्यांत जो रक्तमय बिघाड दिसे, त्याचे हे एक कारण आहे, आणि माणसातल्या शॉकचे चित्र तसे नसते.

डुकराचे हृदय आणि रक्ताभिसरण माणसाच्या बरेच जवळचे असल्याने आता मोठ्या प्राण्यांत तेच अधिक वापरले जाते. पण डुकराचे रक्त माणसाच्या मानाने लवकर आणि घट्ट गोठते. जिथे सगळा प्रश्न गुठळी टिकते की नाही याचाच आहे, तिथे ही बाब दुय्यम मानता येणार नाही. उंदरावरचे प्रयोग स्वस्त आणि जलद असतात, मात्र शेपटीची धमनी ही महाधमनीची प्रतिकृती नव्हे.

वयाचा मुद्दा त्याहून कमी चर्चिला जातो. प्रयोगातले प्राणी तरुण आणि निरोगी असतात. जखमी माणसांत वृद्ध असतात, मधुमेही असतात, रक्त पातळ करणारी औषधे घेणारेही असतात.

प्राण्यांना दिलेल्या भुलेचा निष्कर्षांवर परिणाम होतो का?

होतो. भुलेची बहुतेक औषधे रक्तवाहिन्या सैल करतात आणि रक्तस्रावाला तोंड देण्याची शरीराची नैसर्गिक प्रतिक्रिया बोथट करतात. वेदना आणि भीती यांनी जागेपणी जे संप्रेरकांचे वादळ उठते, तेही भुलेखाली उठत नाही. तरीही भूल न देता असा प्रयोग करणे अमानुष ठरेल, त्यामुळे हा फरक मान्य करूनच निष्कर्ष वाचायचे असतात. कोणते औषध किती प्रमाणात दिले हे अहवालात स्पष्ट लिहिणे, एवढे तरी संशोधकाच्या हातात आहेच.

प्राण्यांतले निष्कर्ष माणसांत खरे ठरले का?

काही ठरले, काही सपशेल कोसळले.

मर्यादित द्रवाच्या बाबतीत चित्र बरेचसे जुळते. बिकेल यांनीच १९९४ मध्ये ह्यूस्टनमधील ५९८ जखमींचा अभ्यास प्रसिद्ध केला. छातीपोटात भोसकल्याची किंवा गोळीची जखम आणि वरचा रक्तदाब ९० किंवा त्याहून कमी, असे हे रुग्ण होते. शस्त्रक्रियेपर्यंत द्रव रोखून धरलेल्यांपैकी ७० टक्के जगले, तर लगेच द्रव दिलेल्यांपैकी ६२ टक्के. विभागणी एक दिवसाआड केलेली होती, खरी यादृच्छिक नव्हती, हे ध्यानात ठेवावे लागते. बाल्टिमोरमध्ये ११० रुग्णांवर झालेल्या २००२ च्या अभ्यासात कमी दाबाचे ध्येय ठेवलेल्या आणि नेहमीचे ध्येय ठेवलेल्या गटांत मृत्यूंची संख्या सारखीच, प्रत्येकी चार होती. पुढे २०१८ मध्ये पाच यादृच्छिक अभ्यास एकत्र केल्यावर मर्यादित दाबाच्या बाजूने कौल मिळाला, पण प्राण्यांत दिसला तितका मोठा नाही. प्राण्यांतला फायदा माणसांत आटतो, हे इथेही दिसते.

कोसळलेल्यांत सर्वांत वेदनादायक उदाहरण तांबड्या पेशींबाहेरील हिमोग्लोबिनच्या द्रवाचे आहे. रक्तगट जुळवण्याची गरज नाही, प्राणवायू वाहून नेतो, रक्तदाब वाढवतो, अशी त्याची ख्याती प्राण्यांवरील प्रयोगांतून झाली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत हा द्रव मिळालेल्या ५२ जखमींपैकी २४ जण २८ दिवसांत दगावले, आणि सलाइन मिळालेल्या ४६ पैकी ८. चाचणी थांबवावी लागली. मोकळे हिमोग्लोबिन रक्तवाहिन्या सैल ठेवणारे नायट्रिक ऑक्साइड शोषून घेते, त्यामुळे वाहिन्या आवळतात, आकड्यात दाब वाढतो पण अवयवांना रक्त कमी पोहोचते. फुफ्फुसांतला दाब वाढत असल्याचे १९९३ मध्येच डुकरांत दिसले होते. प्राण्यांनी इशारा दिला होता, पण लक्ष रक्तदाबाच्या आकड्यावर खिळले होते.

थोड्या आकारमानात जास्त मीठ असलेल्या सलाइनचे काय झाले?

ब्राझीलमध्ये १९८० मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांत ७.५ टक्के मिठाचे सलाइन अगदी थोड्या प्रमाणात देऊन रक्ताभिसरण सावरल्याचे दिसले. ती पद्धत नियंत्रित रक्तस्रावाची होती. उघड्या जखमेच्या उंदरांत याच द्रवाने रक्तस्राव आणि मृत्यू वाढल्याचे त्याच दशकात नोंदले गेले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील मोठ्या चाचणीत शॉकमधील ८५३ जखमींवर त्याचा जगण्याच्या दृष्टीने काहीही फायदा आढळला नाही.

डोक्याला मार असेल तर हेच नियम लागू होतात का?

नाही. सुजलेल्या मेंदूला रक्त पोहोचायला अधिक दाब लागतो, आणि अशा रुग्णांत वरचा रक्तदाब ९० च्या खाली गेला तर मृत्यूचे प्रमाण बरेच वाढते. म्हणून मर्यादित दाबाचा सल्ला त्यांना वगळून दिला जातो. मेंदूची इजा आणि रक्तस्राव एकत्र असलेल्या प्राण्यांवर प्रयोग झाले आहेत, पण ते तुलनेने कमी आहेत. वास्तवात अशी दुहेरी इजा अगदी नेहमीची आहे. माझ्या दृष्टीने ही या क्षेत्रातली मोठी उणीव आहे.

आता तर सलाइनऐवजी रक्त आणि प्लाझ्मा देतात. मग जुने प्रयोग कालबाह्य झाले का?

जिथे रक्तघटक हाताशी असतात तिथे तीव्र रक्तस्रावात तेच आधी द्यावेत, याकडे कल झुकला आहे, हे खरे. त्यामागेही प्राण्यांवरील काम आहे. रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशींवर शर्करा आणि प्रथिने यांचा एक नाजूक थर असतो. शॉकमध्ये तो झडतो, वाहिन्या गळू लागतात, आणि प्लाझ्मा दिल्यावर तो सावरतो असे उंदरांत दिसले. रिंगर लॅक्टेटने तसे झाले नाही.

माणसांतले निकाल मात्र एकसारखे नाहीत. रुग्णालयात पोहोचण्याआधी प्लाझ्मा देण्याच्या २०१८ मधील ५०१ रुग्णांच्या चाचणीत ३० दिवसांतील मृत्यू ३३ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर आले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या, कमी अंतराच्या वाहतुकीतील चाचणीत काहीच फरक दिसला नाही. ब्रिटनमधील २०२२ च्या चाचणीत वाटेतच तांबड्या पेशी व प्लाझ्मा देणे सलाइनपेक्षा सरस ठरले नाही. रुग्णालय किती दूर आहे, यावर बरेच काही अवलंबून असावे. शिवाय जिथे रक्तपेढी जवळ नाही तिथे आजही हाताशी क्षारद्रवच असतो, त्यामुळे तो किती द्यावा हा प्रश्न जिवंतच आहे.

प्राण्यांत पुरेसा पुरावा नसतानाही माणसांत उपयोगी ठरले असे काही आहे का?

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. हे गुठळी विरघळू न देणारे औषध आहे. रक्तस्रावात या गटातील औषधांच्या परिणामाबद्दल प्राण्यांतला पुरावा कोणताही स्पष्ट निष्कर्ष काढता येईल असा नव्हता, हे २००७ च्या एका पद्धतशीर आढाव्यात नोंदलेले आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४० देशांतील २०,२११ जखमींच्या चाचणीत मात्र या औषधाने मृत्यूचे प्रमाण १६ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांवर आणले. पहिल्या तीन तासांत दिले तरच फायदा होतो, हेही पुढच्या विश्लेषणात कळले. दीड टक्क्याचा फरक लहान वाटतो, पण असा फरक सहा-सहा डुकरांच्या प्रयोगात कधीच दिसू शकला नसता.

प्राण्यांना होणाऱ्या त्रासाचे काय?

यातील पुष्कळ प्रयोगांत प्राणी आरंभापासून अखेरपर्यंत भुलेखाली असतो आणि त्याला शुद्धीवर न आणताच मारले जाते. जगण्याचा कालावधी काही दिवसांपर्यंत मोजायचा असेल तेव्हा मात्र प्राणी जागा होतो, आणि तिथे वेदनाशामक औषधे व वेळीच शेवट करण्याचे निकष आधीच ठरवलेले असणे अत्यावश्यक आहे. मृत्यूचीच वाट पाहण्याऐवजी मृत्यू अटळ असल्याची निश्चित लक्षणे दिसताच प्रयोग थांबवता येतो.

शक्य तिथे प्राण्यांना पर्याय शोधणे, संख्या कमी करणे आणि यातना कमी करणे, ही तीन तत्त्वे विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ मध्ये मांडली. संख्या कमी करण्याचा अर्थ मात्र नीट समजून घ्यायला हवा. एका प्रयोगात इतके थोडे प्राणी घेतले की उत्तर मिळणेच अशक्य, तर ते सगळेच वाया गेले. खरी बचत होते ती आधीचे पुरावे गोळा करून अनावश्यक प्रयोग न करण्यात. प्रयोगांचे अहवाल कसे लिहावेत यासाठी २०१० मध्ये ब्रिटनमध्ये ‘अराइव्ह’ नावाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली आणि २०२० मध्ये ती सुधारली गेली. विभागणी, निरीक्षकापासून गट लपवणे, संख्येचा हिशेब, या सर्व गोष्टी त्यांत मागितल्या आहेत.

प्राण्यांशिवाय हे अभ्यास करता येतात का?

काही अंशी. निरोगी स्वयंसेवकाच्या कमरेखालील भागाभोवती हवेचा दाब कमी केला की रक्त पायांकडे ओढले जाते आणि रक्तस्रावाच्या सुरुवातीच्या टप्प्यासारखी प्रतिक्रिया सुरक्षितपणे अभ्यासता येते. रक्त किती पातळ झाल्यावर गोठणे बिघडते, हे काढून घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यांवर तपासता येते. संगणकावरील गणिती प्रतिकृतीही आहेत. मात्र फाटलेली धमनी, तिच्यावर धरणारी गुठळी आणि तासभर ढासळत जाणारे शरीर, हे सगळे एकत्र दाखवणारा पर्याय अजून तयार झालेला नाही.

अशा प्रयोगाची बातमी वाचताना काय पाहावे?

पहिली गोष्ट, रक्तस्राव नियंत्रित होता की अनियंत्रित. बातमीत हे नसेल तर निष्कर्षाला अर्थ नाही. दुसरी, मोजले काय: प्राणी जगले का, की फक्त रक्तदाब आणि लॅक्टेटचे (प्राणवायू अपुरा पडला की रक्तात वाढणाऱ्या पदार्थाचे) आकडे सुधारले? हिमोग्लोबिनच्या द्रवाची कहाणी आठवली तर हा भेद विसरला जाणार नाही. तिसरी, तुलना कोणाशी केली, कारण अतिरेकी द्रव दिलेल्या गटापुढे कोणताही उपचार चांगला दिसतो. द्रव किती वेळाने सुरू केला हेही पाहावे. सहा मिनिटांत शिरेला सुई लागून द्रव वाहू लागणे प्रयोगशाळेत शक्य असते, अपघातस्थळी सहसा नसते.

यापुढे कोणते प्रयोग खरोखर करण्यासारखे आहेत?

मेंदूची इजा आणि उघडा रक्तस्राव एकत्र असताना कोणता रक्तदाब धरावा, याचे उत्तर सर्वांत निकडीचे आहे. त्यानंतर येतो लांबलेल्या वाहतुकीचा प्रश्न. मर्यादित दाब तासभर सहन होतो हे बऱ्यापैकी सिद्ध आहे, पण चार-सहा तास तसेच ठेवले तर मूत्रपिंडे आणि आतडी किती टिकतात, आणि कोणत्या क्षणी हात सैल करून अधिक द्रव द्यावा, हे नीट ठरलेले नाही. हे प्रयोग वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी एकच आराखडा आधी जाहीर करून, प्राण्यांची संख्या आपसांत वाटून घेऊन, प्रौढ प्राण्यांवर आणि निरीक्षकांपासून गट लपवून करावेत. निकाल काहीही लागला तरी तो छापण्याचे बंधन त्यांच्यावर असावे, आणि पहिल्या प्राण्याला भूल देण्यापूर्वी आजवरच्या सर्व प्रयोगांचा आढावा परवानगी देणाऱ्या समितीच्या टेबलावर असावा.